खेळाडूच्या नजरेतून नेट्स: अंगावरच्या कॅमेऱ्याने क्रिकेटचा सराव कसा टिपायचा

मुलगा नेट्समध्ये बॅटिंग करतोय आणि घरचं कुणीतरी जाळीमागे मोबाइल धरून उभं आहे, हे दृश्य हल्ली प्रत्येक मैदानावर दिसतं. त्या व्हिडिओत पाय कुठे पडला, बॅट सरळ आली की आडवी, हे सगळं कळतं. बॉल हातातून सुटला तेव्हा बॅटरला काय दिसत होतं, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी कॅमेरा खेळाडूच्या अंगावर जावा लागतो. मी आमच्या भागातल्या पोरांचा सराव अशा कॅमेऱ्यांनी टिपत आलो आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पडणारे प्रश्न ठरलेले असतात: कुठला कॅमेरा घेऊ, तो कुठे लावू, आणि बॉल दिसतच नाही, काय करू. त्यांची उत्तरं इथे क्रमाने लिहितो.

१. आधी प्रश्न ठरवा

कॅमेरा घ्यायच्या आधी वहीत एक ओळ लिहा: या व्हिडिओतून मला काय बघायचं आहे? ‘सगळंच’ असं उत्तर आलं तर अजून थांबा.

डोक्यावरचा कॅमेरा डोकं कुठे वळलंय ते दाखवतो. छातीवरचा कॅमेरा हात, बॅट आणि अंग कुठल्या दिशेला उघडलंय ते दाखवतो. बॅटरचं डोकं ऑफ साइडला पडतंय का, हे बघायचं असेल तर कॅमेरा डोक्यावर हवा. कीपरचे हात बॉलखाली वेळेवर जातात का, हे बघायचं असेल तर छातीवर.

एक मर्यादा मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. डोकं जिकडे, तिकडेच डोळे असतात असं नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बॅटरच्या डोक्यावर नजर टिपणारं उपकरण बसवलं होतं. बॅटर बॉल सुटताना बघतो, मग त्याचे डोळे बॉलच्या पुढे उडी मारून टप्पा जिथे पडेल तिथे जाऊन थांबतात, असं त्यात दिसलं. चांगल्या बॅटरची ही उडी लवकर होते. आपल्या साध्या कॅमेऱ्यात ही उडी दिसणार नाही, त्यामुळे “तू बॉल बघतच नव्हतास” असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. डोक्याची दिशा मात्र खरोखर महत्त्वाची आहे. वरच्या दर्जाचे बॅटर डोकं बॉलच्या रेषेत फिरवत नेतात, हे २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. ती गोष्ट आपल्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसते.

२. कुठे लावायचा, आणि कुठे अजिबात नाही

हा भाग घाईत वाचू नका.

सीझन बॉलसमोर बॅटिंग करताना हेल्मेटवर कॅमेरा लावू नका. गोप्रो हिरो १२ ब्लॅकचं वजन १५४ ग्रॅम आहे, आणि क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे डोक्यावर एक बॉल बांधून उभं राहण्यासारखंच आहे. हेल्मेटची चाचणी त्याच्या मूळ आकारावर होते. बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकात बॉल हेल्मेटची तोंडापुढची जाळी आणि छज्जा यांच्यामधून आत घुसत नाही ना, हेसुद्धा तपासतात. त्या कवचावर आपण कडक प्लॅस्टिकचा उंचवटा चिकटवला, की बॉलचा मार कुठे वळेल हे कुणीच तपासलेलं नसतं. भोक पाडून स्क्रू बसवणं तर त्याहून वाईट.

“पण टीव्हीवर तर दाखवतात,” असं कुणीतरी म्हणतंच. हो, जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला भारत-इंग्लंड कसोटीत शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या इंग्लंडच्या ऑली पोपच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. तो प्रक्षेपणासाठी, परवानगी घेऊन, त्या कामाच्या लोकांनी बसवलेला होता. बाजारातून आणलेलं स्टिकर आणि दुहेरी टेप याने ती सुरक्षितता येत नाही.

सीझन बॉलसमोर छातीवरचा कॅमेराही नको. बॉल कॅमेऱ्यावर आदळला की कॅमेऱ्याची कडा थेट बरगडीवर येते.

मग बॅटरची नजर टिपायची कशी? टेनिस बॉलने किंवा मऊ सिंथेटिक बॉलने. आपल्याकडे ठाणे, रायगडपासून कोल्हापूरपर्यंत टेनिस क्रिकेट एवढं खेळलं जातं, की या कामासाठी वेगळं काही जमवावं लागत नाही. मऊ बॉलचे थ्रोडाउन (जवळून हाताने फेकलेले बॉल) घ्या आणि कॅमेरा टोपीवर किंवा हेडस्ट्रॅपवर लावा. डोक्याची सवय मऊ बॉलवरही तीच दिसते. तरी बॉल तोंडावर येऊ शकतो, म्हणून थ्रो करणाऱ्याने लांबीवर लक्ष ठेवायचं आणि बाउन्सर टाकायचा नाही.

सीझन बॉलच्या नेट्समध्ये कॅमेरा अंगावर घालायला दोन माणसं योग्य. एक म्हणजे जाळीच्या बाहेर, पंचाच्या जागी उभा असलेला प्रशिक्षक. दुसरा रन-अपमधला बॉलर, पण जाळीच्या सरावात आणि फॉलो-थ्रू सरळ परत फटका येणाऱ्या रेषेबाहेर संपत असेल तरच. बॉलरच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात रन-अपची लय छान दिसते. बॉल सुटतानाचा क्षण मात्र हिसक्यात जातो. त्यावर फार वेळ घालवू नका.

कीपरचं थोडं वेगळं. बसलेल्या अवस्थेत छातीवरचा कॅमेरा जमिनीकडे बघतो, म्हणून तो बराच वर तिरका करावा लागतो. कीपरला बसवा, मोबाइलवर चित्र बघा आणि मगच स्क्रू घट्ट करा. बॉल इथेही मऊच.

दातात धरायचा माउंट मिळतो. सर्फिंगवाले तो वापरतात. धावण्याच्या, पडण्याच्या खेळात तो तोंडात घेऊ नका. कबड्डीत तर अंगावर कसलाच कॅमेरा नको. पकडीत तुमच्याबरोबर समोरच्यालाही लागतं.

३. कॅमेरा कुठला

साधारण तीन जाती आहेत.

पहिली, पूर्ण आकाराचे ॲक्शन कॅमेरे: गोप्रोचे हिरो, डीजेआयचे ऑस्मो ॲक्शन. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. चित्र उत्तम, सेकंदाला जास्त फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं) मिळतात, बॅटरी बदलता येते. छातीवर हे चांगले बसतात. डोक्यावर मोठ्या माणसाला चालतात, पण बारा वर्षांच्या पोराची मान त्याने पुढे ओढली जाते आणि मग तुम्ही त्याची खरी सवय बघतच नाही.

दुसरी, अंगठ्याएवढे कॅमेरे. इन्स्टा३६० गो ३ हा ३५ ग्रॅमचा, गो ३एस ३९ ग्रॅमचा. शर्टाच्या आत लोहचुंबकाचं पदक आणि बाहेर कॅमेरा, किंवा टोपीच्या कडेला क्लिप. मुलांसाठी माझी पसंती यालाच. बॅटरी छोटी आणि फ्रेम कमी, हे मान्य करून घ्यायचं. लोहचुंबक सुटू शकतो, म्हणून कॅमेऱ्याला बारीक दोरी बांधून ती शर्टाच्या बटणाला अडकवा. एक सूचना अगदी गंभीरपणे: ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हे पदक गळ्यात घालू नये.

तिसरी, कॅमेरा असलेले चष्मे. डोळ्याच्या अगदी जवळून चित्र मिळतं, पण ते खेळाचे संरक्षक चष्मे नसतात. बॉल, फ्रेम आणि डोळा हे तिन्ही एकत्र आणणारी वस्तू मी बॅटिंगला सुचवणार नाही.

४. विकत की भाड्याने, आणि कागद काय लागतात

पहिल्यांदा भाड्याने घ्या. मुंबई-पुण्यात आणि बऱ्याच जिल्ह्याच्या गावांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. शनिवार-रविवार दोन वेगळ्या जातींचे कॅमेरे वापरून बघितले, की आपल्या कामाला कुठला हवा ते लगेच कळतं.

बरोबर ठेवायचे कागद:

- ओळखपत्राची प्रत. आधार द्यायचं असेल तर शेवटचे चार आकडेच दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. मूळ कार्ड दुकानात ठेवू नका.
- अनामत रकमेची पावती आणि नुकसान झाल्यास किती कापणार हे लिहिलेला कागद. “खेळात वापरणार” हे आधीच सांगा.
- घेताना काढलेले लेन्स, बॅटरीचा दरवाजा, पट्टे यांचे फोटो, दुकानदारासमोर.
- विकत घेत असाल तर जीएसटीचं बिल. वॉरंटीच्या वेळी तेच मागतात.

जुना कॅमेरा घेताना बॅटरी फुगलेली नाही ना, बॅटरीच्या दाराचं रबर फाटलेलं नाही ना, आणि कंपनीचं मोबाइल ॲप त्या मॉडेलला अजून चालतं ना, एवढं बघाच.

कार्डावर पैसे वाचवू नका. मायक्रोएसडी कार्डावर ‘व्ही३०’ छापलेलं हवं, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत. ती १२८ जीबी म्हणवतात आणि त्याच्या एका तुकड्यानंतर भरलेला डेटा नासवतात. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून तपासतं. वेळ लागतो, पण नवीन कार्डावर एकदा चालवाच.

५. सेटिंग: बॉल दिसायला हवा

नव्या माणसाची सगळ्यात मोठी निराशा इथे होते. व्हिडिओ झकास, मैदान, झाडं, आकाश, सगळं आहे. बॉल नाही.

थोडा हिशोब करू. टेनिस बॉल साधारण साडेसहा सेंटिमीटरचा. बॉलरच्या हातातून सुटताना तो बॅटरपासून १८ मीटर लांब आहे असं धरा. कॅमेरा ४के वर (चित्र ३८४० पिक्सेल रुंद) आणि लेन्स ९० अंशांच्या आसपास, म्हणजे ‘लिनियर’ असेल, तर तो बॉल चित्रात सुमारे ७ पिक्सेलचा दिसतो. तीच लेन्स ‘सुपरवाइड’ करून १२० अंशांवर नेली तर ४ पिक्सेल. आणि ४के सोडून १०८० वर आलात तर २. दोन पिक्सेलचा हिरवट ठिपका हिरव्या झाडापुढे कुणाला दिसणार? म्हणून लिनियर लेन्स, ४के, आणि बॉलरच्या मागे एकरंगी पडदा. नेट्सच्या त्या टोकाला पांढरी चादर बांधली तरी खूप फरक पडतो.

आता वेग. ताशी १०० किलोमीटरचा बॉल सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो. सेकंदाला २५ फ्रेमवर दोन फ्रेमच्या मधे तो मीटरभरापेक्षा जास्त सरकतो, ५० वर सुमारे ५६ सेंटिमीटर, १०० वर २८. टप्पा नेमका कुठे पडला हे बघायचं असेल तर किमान ५० फ्रेम हव्यात. कॅमेरा ४के मध्ये १०० देत असेल तर त्या घ्या.

शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायला लागणारा वेळ, ‘ऑटो’वर सोडू नका. बॅटरची मान सेकंदाला १०० अंशांच्या वेगाने वळली आणि शटर १/१०० असेल, तर तेवढ्या वेळात दृश्य एक अंश सरकतं. वरच्या हिशोबाने ते तीसेक पिक्सेल होतात. सात पिक्सेलचा बॉल तीस पिक्सेलवर फासला गेला म्हणजे तो गेलाच. शटर १/१००० करा, हे सरकणं तीनेक पिक्सेलवर येतं. दिवसाच्या उन्हात हे सहज जमतं. चित्र किंचित तुटक दिसेल. आपल्याला इथे सिनेमा करायचा नाही, बॉल बघायचा आहे.

रात्रीच्या दिव्यांखाली हेच शटर चालत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वेगवान शटरला ते पट्ट्या बनून दिसतात. कॅमेऱ्यात ‘अँटी-फ्लिकर’ ५० हर्ट्झवर ठेवा. परदेशातून आणलेला कॅमेरा बऱ्याचदा ६० वर असतो आणि फ्रेम ३०, ६०, १२० अशा दाखवतो. ५० केलं की त्याच २५, ५०, १०० होतात. तरीही मोहल्ल्यातल्या टर्फवर किंवा रात्रीच्या टेनिस मैदानावर शटर १/१०० च्या पुढे नेलं तर पट्ट्या येतीलच. अभ्यासासाठीचं चित्रण सकाळी करा. रात्रीचं आठवणीसाठी राहू द्या.

आणखी एक सेटिंग, ज्याबद्दल फार कमी लोक सांगतात: ‘होरायझन लॉक’ बंद करा. ते डोकं कलंडलं तरी क्षितिज सरळ दाखवतं. बॅटरचं डोकं पडतंय का, हेच तर आपल्याला बघायचं आहे, आणि ही सोय नेमकं तेच झाकते. डोक्याच्या अभ्यासासाठी मी स्थिरीकरण (हलणारं चित्र स्थिर करून दाखवणारी सोय) पूर्ण बंद ठेवतो. चित्र हलतं, पण ते खरं असतं. छातीवरच्या कॅमेऱ्याला स्थिरीकरण चालू असलं तरी हरकत नाही.

६. मैदानावर जाताना

पिशवीत हे असू द्या: चार्ज केलेल्या दोन जादा बॅटऱ्या, रिकामं कार्ड, मऊ कापड, बारीक दोरी, सिलिका जेलच्या पुड्या, पॉवर बँक, काळी चिकटपट्टी.

कॅमेरा अंगावर घालून खेळाडूला त्याच्या खऱ्या स्टान्समध्ये उभं करा. सरळ उभ्या माणसावर लावलेला कोन स्टान्स घेतला की खाली जातो. मोबाइलवर बघा: बॉलरचा हात चित्राच्या मध्यापासून थोडा वर यायला हवा. मग रेकॉर्डिंग सुरू करा. छातीच्या पट्ट्यावर कॅमेरा उलटा बसतो, आणि बरेच कॅमेरे सुरू करतानाच वर-खाली ठरवून टाकतात. कॅमेरा हातात आडवा असताना बटण दाबलंत तर सगळा सराव आडवा मिळेल.

आमच्या कोकणात पावसाळ्यात लेन्सवर आतून वाफ धरते. एसी गाडीतून थेट दमट हवेत काढलेल्या कॅमेऱ्याचं तर ठरलेलंच आहे. मैदानावर पोहोचल्यावर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग काढा. दरवाजाच्या रबरावर लाल मातीचा एक कण राहिला तरी पाणी आत जातं. विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलटी: गोप्रोच्या बऱ्याच मॉडेलला ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलेलं आहे, आणि मे महिन्यात सकाळी दहालाच ते ओलांडतं. तिथे सहा-सहा बॉलचे तुकडे टिपा, मधे कॅमेरा बंद करून सावलीत ठेवा. सलग तासभर चालवू नका.

७. दुसरा कॅमेरा

फक्त अंगावरचा व्हिडिओ अर्धवट असतो. बाजूने, पॉपिंग क्रीजच्या रेषेत, एक मोबाइल तिपाईवर ठेवा. सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल आणि ऐकू येईल अशी एक जोरदार टाळी वाजवा. नंतर त्या टाळीवर दोन्ही व्हिडिओ जुळवता येतात. डोकं कधी हललं आणि पाय कधी टेकला, हे शेजारी-शेजारी दिसायला लागलं की प्रशिक्षकाला बोलण्यासाठी ठोस काहीतरी मिळतं.

८. घरी आल्यावर

कार्ड त्याच संध्याकाळी रिकामं करा. सेकंदाला १०० मेगाबिटने टिपलं तर मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला ४५ जीबी होतात.

गोप्रो मोठा व्हिडिओ तुकड्यांत साठवतो आणि नावं गोंधळात टाकतात. ‘जीएक्स०१०१२३’ आणि ‘जीएक्स०२०१२३’ हे एकाच रेकॉर्डिंगचे पहिले-दुसरे भाग आहेत. शेवटचे चार आकडे रेकॉर्डिंगचे, त्याआधीचे दोन भागाचे. नावानुसार लावले की वेगवेगळ्या रेकॉर्डिंगचे पहिले भाग एकत्र येतात आणि अर्धा सराव हरवला असं वाटतं. तो तिथेच असतो, पुसू नका.

एकेक फ्रेम बघायला व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर पुरतो, कीबोर्डवरचं ‘ई’ दाबलं की एक फ्रेम पुढे जाते. कोन मोजायचे असतील तर विंडोजवर ‘किनोव्हिया’ फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ अडखळत असेल तर तो बहुधा एचईव्हीसी या, जास्त दाबून साठवणाऱ्या प्रकारात आहे. कॅमेरा सोय देत असेल तर पुढच्या वेळी एच.२६४ हा जुना, हलका प्रकार निवडा.

बघताना आधी खेळाडूला विचारा, “या बॉलला तुला काय दिसलं?” त्याने सांगितल्यावर व्हिडिओ दाखवा. आधी दाखवलात तर तो व्हिडिओतलंच सांगेल. एका बैठकीत पाच-सहा बॉल पुरे. पन्नास बॉल दाखवले की लहान मूल फक्त स्वतःच्या चुका मोजायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी नेट्सला यायलाच कंटाळतं.

९. परवानग्या

अकादमीत किंवा क्लबात टिपणार असाल तर मुख्य प्रशिक्षकाला लेखी विचारा. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या पालकाची सही घ्या, फक्त कॅमेरा घालणाऱ्याच्या नाही, चित्रात येणाऱ्या सगळ्यांच्या. त्या कागदावर तीन गोष्टी हव्यात: व्हिडिओ कोण बघणार, किती दिवस ठेवणार, इंटरनेटवर टाकणार की नाही. टाकायचं असेल तर त्यासाठी वेगळी सही घ्या. कपडे बदलायच्या खोलीत जाताना कॅमेरा नुसता बंद करू नका, अंगावरून काढून पिशवीत ठेवा. आवाजही रेकॉर्ड होतो हे सगळ्यांना आधी सांगा, कारण पाण्याच्या ब्रेकमध्ये पोरं आपापलं बोलत असतात.

सामन्यात घालायचा विचार असेल तर आयोजक, दोन्ही पंच आणि समोरचा कर्णधार, या सगळ्यांचा होकार नाणेफेकीच्या आधी हवा. मैत्रीच्या टेनिस बॉल सामन्यात तो बहुतेक वेळा मिळतो. बॉल कॅमेऱ्याला लागला किंवा कॅमेरा खेळपट्टीवर पडला तर काय धरायचं, हेही तेव्हाच पंचांकडून ठरवून घ्या. संघटनेच्या स्पर्धेत मैदानावर उपकरणं नेण्याचे नियम कडक असतात. नियमपत्रिकेत कॅमेऱ्याचा उल्लेख नसेल तर ती परवानगी आहे असं समजू नका, आयोजकांना पत्र द्या. आणि पंच सामन्याच्या मधे “काढा” म्हणाले, तर त्याच षटकात काढा.